चौथ्या पानावरची विदुषी

२ सप्टेंबर, रविवार

या घरातून वर्तमानपत्राचे चौथे पान नाहीसे होते, हे आज सलग पाचव्या रविवारी सिद्ध झाले. पहिले पान असते, खेळाचे असते, छोट्या जाहिरातींची तर कोणी मागितली नसताना दोन असतात; चौथे तेवढे नसते. चौथ्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात माझे 'घरचा वार्ताहर' हे सदर असते, हा योगायोग मी विनयाने बाजूला ठेवतो. पण त्याच्या पाठीवर, म्हणजे तिसऱ्या पानावर, निधनवार्ता असतात. त्यामुळे गावात कोण हयात आहे याबद्दल मी रविवारभर अनभिज्ञ असतो. कार्यालयात दुसरी प्रत मिळते, हा मुद्दा गौण. प्रश्न तत्त्वाचा आहे. पान फाडलेले नसते, कापलेले असते. आणि कड इतकी सरळ, की चोराने शिवणकामाचे रीतसर शिक्षण घेतले असावे.

सौ.ला विचारले. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. थेंबभर नमुन्यावरून माणसाच्या आतले सगळे तिला कळते, त्यामुळे घरी ती प्रश्न विचारत नाही, फक्त निष्कर्ष सांगते.

"कोणाला तरी ते पान आवडत नसेल," ती म्हणाली.

"कोणाला?"

"मला चालतं बाई," असे म्हणून ती पडदे धुवायला काढायला गेली.

३ सप्टेंबर, सोमवार

भाचीच्या पहिल्या चाचणीचा निकाल आला. गणितात वीसपैकी अठरा, विज्ञानात सतरा, भूगोलात चार. त्या चारांतले दोन, बाईंनी समासात लिहिले आहे, 'अक्षराबद्दल'.

माझी बहीण आणि मेव्हणे दूर एका धरणाच्या कामावर आहेत. तिथली शाळा सहावीत संपते, म्हणून जूनपासून पोर आमच्याकडे. वय बारा. गणित-विज्ञान तिची मामी घेते, स्वयंपाकघरात, कांदा चिरता चिरता. भूगोल माझ्याकडे, कारण मी वार्ताहर. जगभर हिंडलेला, निदान वृत्तसंस्थांच्या तारांवरून.

संध्याकाळी बहिणीचा फोन.

"दादा, तू शिकवशील म्हणून तिला तिथे ठेवली ना मी?"

"शिकवतो की. रोज सहा ते सात."

"मग चार कसे?"

या प्रश्नाचे उत्तर देता आले असते तर मी वार्ताहर न होता सरकारी प्रवक्ता झालो असतो.

"हे बघ," ती म्हणाली, "सहामाहीत हेच झालं तर सत्र संपलं की मी तिला निवासी शाळेत घालणार. तुझ्यावर राग नाही. पण तिचं वर्ष वाया नाही घालवायचं मला."

आम्हा दोघांना मूल नाही. जूनपासून मागच्या खोलीत दिवा लागतो, न्हाणीघरात तीन ब्रश असतात आणि सौ. कपडे वाळत घालताना गुणगुणते. एवढे नोंदवून ठेवतो. बाकी भूगोल.

४ सप्टेंबर, मंगळवार

पलायनाचे तीन प्रकार शास्त्रशुद्ध रीतीने निश्चित केले. पहिला देहधर्मजन्य: तहान लागणे, मग पाणी प्यायल्याचे परिणाम, मग पुन्हा तहान. दुसरा परोपकारजन्य: शेजारच्या शिवणवाल्या काकूंना कमी दिसते, त्यांना सुईत दोरा ओवून द्यायचा असतो, आणि तो नेमका सहा वाजून पाच मिनिटांनी. तिसरा सिद्धताजन्य: पेन्सिलीला टोक काढणे. आज टोक काढता काढता पेन्सिलच संपली.

उरलेल्या नऊ मिनिटांत मी विचारले, "वारा का वाहतो?"

"माहीत नाही."

"अंदाज सांग."

"चुकला तर?"

"चुकू दे की. तू चुकली नाहीस तर मामाचं पोट कसं भरणार?"

मी हसलो. ती हसली नाही. तिला विनोद अलीकडे उशिरा कळतात.

६ सप्टेंबर, गुरुवार

आज तिने स्वतः होऊन विषय काढला, "मामा, तुझी पहिली बातमी कोणती होती रे?" मूल अभ्यासापलीकडचे कुतूहल दाखवते तेव्हा शिक्षकाने त्याचा हिरमोड करू नये. सांगितले. सात वाजले तेव्हा मी अजून त्या बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात होतो. ती वही मिटून "थँक्यू मामा" म्हणाली आणि गेली.

सौ. दारात उभी होती. "आज कोणता खंड झाला?"

चौथा प्रकार नोंदवणे आले. याला मी गुरुस्तुतिजन्य म्हणतो, आणि हा सर्वांत घातक.

९ सप्टेंबर, रविवार

चौथे पान नाही. साडेसहाला उठून बाहेर आलो तर पोर अंघोळ करून तयार. इतर दिवशी तिला उठवताना आमचे घसे बसतात. रविवारी मात्र ती पेपरवाल्याच्या आधी जागी असते. या वयात ही शिस्त. मी तिचे कौतुक केले. तिने मान खाली घातली. विनयही आहे.

आता भूगोलाविषयी. एकेकाळी या पोरीचा भूगोल बहारीचा होता, हे मी साक्षीपुराव्यानिशी सांगू शकतो. जुलैत नकाशा उघडून मी नद्या शिकवत होतो. ती म्हणाली, "नदी समुद्रातून निघते ना?" का, म्हटले. तर नकाशावर बोट ठेवून सांगते कशी, "समुद्राजवळ जाड आहे, मग बारीक होत होत डोंगरात संपते. झाडासारखी. झाड काय फांदीकडून सुरू होतं का?" मी पाच मिनिटे हसत होतो. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी 'आमची विदुषी आणि उलटी नदी' छापून आले. बावीस पत्रे आली. संपादक म्हणाले, "ही विदुषी सोडू नका." पुढच्या रविवारी 'विषुववृत्त ओलांडल्यावर जहाजाला उतार लागतो का?' हे तिचेच. त्यानंतर खाण आटली. महिना झाला, छापण्याजोगी एकही चूक नाही. मुळात बोलणेच नाही.

दुपारी तिच्या वर्गातल्या दोघी सायकलवरून जाताना ओरडल्या, "ए विदुषी, नदी कुठवर चढली?" बारा वर्षांच्या मुलीसुद्धा सदर वाचतात. मी खिडकीतून हात केला. पोर खिडकीपाशी होती, ती आत गेली. लाजली असावी.

११ सप्टेंबर, मंगळवार

आज दहा मिनिटे सुखाची गेली आणि मग काय झाले ते कळत नाही.

डोंगराच्या एका बाजूला पाऊस जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, हे कसे, असे विचारले होते. सुरुवातीला नेहमीचे "माहीत नाही." मी चहा ओतून घेत होतो, लक्ष दिले नाही. तर पाठीमागे ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ढगाला डोंगर चढताना दम लागतो. दम लागला की तो ओझं खाली टाकतो. म्हणजे अलीकडेच. आणि मग पलीकडे..."

हाताने डोंगर केला होता. चेहरा जुलैसारखा. मी वळलो, शर्टाच्या खिशातली वही काढली आणि म्हटले, "हं, पलीकडे?"

"माहीत नाही."

"अगं, आत्ता तर सांगत होतीस."

"विसरले."

उरलेल्या तासात एक अक्षर नाही. वही मी भाजीची यादी बघायला काढली होती, असे सौ.ला सांगितले. दैनंदिनीशी खोटे बोलण्यात अर्थ नाही: 'ढगाला दम' हे दोन शब्द विसरू नयेत म्हणून काढली होती. पण त्याचा इथे काय संबंध? बुद्धीचा झरा असा मध्येच का आटतो, हे बालमानसशास्त्राने शोधावे.

सौ. म्हणाली, "उद्यापासून बिनखिशाचा शर्ट घालून बसा."

मला बिनखिशाचे शर्ट नाहीत, हे तिला वीस वर्षांत माहीत असायला हवे होते.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेत जाऊन भूगोलाच्या बाईंना भेटलो. तरुण आहेत, बोलायला छान. शिक्षकांच्या खोलीत मला खुर्ची दिली गेली, दोघांतिघांनी ओळख दाखवली.

"तुमचं सदर आम्ही सगळे वाचतो," बाई म्हणाल्या. "उलटी नदी तर मी वर्गात वाचून दाखवली. मुलं हसून हसून लोळली. अजून नदीचं नाव निघालं की सगळा वर्ग मागे वळून हिच्याकडे बघतो."

"चला, पोरीला कीर्ती लवकर लाभली."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग रजिस्टर चाळत म्हणाल्या, "पूर्वी ती हात वर करायची. उत्तर येत असो नसो. आता नाव घेतलं की उभी राहते आणि फरशीकडे बघते. दहा ऑक्टोबरला सहामाहीची तोंडी परीक्षा आहे, वर्गासमोर. दहा गुणांची. तोंडीत वेगळं पास व्हावं लागतं; तिथं बोललीच नाही तर लेखी कितीही चांगली जाऊन उपयोग नाही. घरी काही झालंय का?"

"घरी काय होणार," मी म्हणालो. "घरी तर आम्ही तिचं कौतुकच करतो."

१९ सप्टेंबर, बुधवार

आज माझा तोल गेला. सहा वाजता ती नव्हती. सव्वासहाला काकूंकडून आली, बोटाला दोऱ्याचा तुकडा. वाळवंट, म्हटले. माहीत नाही. उत्तर ध्रुव? माहीत नाही. तुझे स्वतःचे घर कोणत्या दिशेला आहे ते तरी? तेही माहीत नाही.

मी पुस्तक मिटले आणि आवाज चढला. "तुझ्या आईला काय सांगू मी? तुला निवासी शाळेत जायचंय का?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "तिथं पेपर येतो का?"

"येणारच. अशा ठिकाणी वाचनाची सोय उत्तम असते."

तिने पुस्तके गोळा केली आणि गेली. वाचनाची आवड तरी टिकून आहे, एवढेच समाधान.

पण एक गोष्ट लिहून ठेवतो. सौ. भांडी आवरताना म्हणाली, "तुम्ही बातमी शोधायला इतके लांब कशाला जाता हो?" आणि पुढे काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा अहवाल वाईट असतो.

२२ सप्टेंबर, शनिवार

शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला शेजारच्या काकूंकडे गेलो. या बाई एकट्या राहतात, एका खोलीत मशीन, कापडांचे ढीग, भिंतीवर खिळ्याला टांगलेले कागदी नमुने: बाह्या, गळे, खिसे. नमुने वर्तमानपत्राचे. माझी नजर छापील मजकुराकडे सवयीने जाते. एका बाहीवर, दंडाच्या जागी, लिहिले होते: 'विषुववृत्त ओलांडल्यावर जहाजाला'. पुढचे मनगटाकडे कापले गेले होते.

"हे पान तुमच्याकडे कसं?"

"तुमची भाची आणून देते दर रविवारी. म्हणते, काकू, बाह्यांना हेच घ्या, दुसरं नको. आणि बारीक कापा." त्या चष्मा वर करून कॉलर बघत होत्या. "मला काय, कागद म्हणजे कागद. आधी स्वतः सगळं वाचते इथे उभी राहून. मग म्हणते, आज नाही आलं. आणि मग कुठं हसते बघा."

"काय नाही आलं?"

"ते तुम्ही सांगायचं, भाऊ. लिहिता तुम्ही."

मी स्टुलावर बसलो. त्यांनी आपणहून मशीन थांबवले.

"शाळेत हिला विदुषी म्हणतात. फळ्यावर नदी काढून ठेवतात, डोंगरावर चढणारी. परवा डब्यात कोणीतरी कागदी होडी टाकली होती, 'उतार आला' असं लिहून. तुम्हाला नाही सांगत? मला सांगते. भूगोल सांगते, सगळं सांगते. हा पडदा डोंगर, ही कापसाची गादी ढग. चुकते, माझी मी हसते, तीही हसते, परत पहिल्यापासून सांगते. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण पलीकडच्या बाजूला पाऊस का पडत नाही ते आता मला विचारा."

"मग माझ्यासमोर का बोलत नाही?"

"तुम्ही छापता, भाऊ. मला कुठं छापता येतंय."

कॉलर तिथेच विसरलो. आठ आठवडे ही बातमी माझ्या घरात होती, साक्षीदार माझ्या टेबलाशी रोज एक तास बसत होता, आणि मी पलायनाचे प्रकार मोजत होतो. तीस वर्षे या व्यवसायात आहे.

२३ सप्टेंबर, रविवार

चौथे पान नाही. या वेळी विचारले नाही.

सकाळी बसून एकटाकी लेख लिहिला: 'घरच्या वार्ताहराचा कबुलीजबाब'. स्वतःला मुळीच सोडले नाही. त्यात बाह्या होत्या, कागदी होडी होती, रविवारी पहाटे उठणारी मुलगी होती. बऱ्याच वर्षांत इतके चांगले लिहिले नव्हते. शेवटचा परिच्छेद तर मी स्वतःलाच दोनदा वाचून दाखवला. सौ.ला वाचून दाखवला.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

"हो ना?"

"खूपच. यावर पन्नास पत्रं येतील." तिने वाटाण्याची शेंग सोलली. "आणि सोमवारी वर्गात वाचून दाखवतील."

लेखाची सहा पाने होती. ती मी त्याच सालींच्या पाटीत टाकली. माफी मागायलासुद्धा मी तिच्याच चुका घेऊन चाळीस हजार घरांत निघालो होतो, आणि मला ते चांगुलपण वाटत होते. संपादकांना न्हाणीघराच्या गळक्या नळावर मजकूर पाठवला. त्यांचा फोन आला, "नळ ठीक आहे. पण विदुषी कुठाय?"

"सुटली," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"नळाचाच मजकूर घ्या."

२५ सप्टेंबर, मंगळवार

सहा वाजता पोर नकाशा घेऊन आली. मी नकाशा बाजूला ठेवला.

"मी चुकलो," म्हटले. "तुझं बोलणं तुला न विचारता छापलं. यापुढे छापणार नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही."

ती टेबलाची कड बघत होती. "मामीचं?"

"मामीचंही नाही."

"मग काय लिहिणार?"

"नळ."

तिला हसू आले नाही, पण तिने वर पाहिले. "आणि त्या निळ्या वहीत? रोज लिहितोस ती."

"ती कोणी वाचत नाही."

"तू वाचतोस ना."

शेवटी ठरले ते असे: भूगोल आता काकूंकडे. पोर काकूंना शिकवणार, काकू अडतील तिथे विचारणार. मी तासाला फिरकायचे नाही. या वयात बडतर्फ झालो, आणि आदेशावर सही माझीच.

"पण तुझ्या वर्गाचं काय?" मी विचारले. "बाईंशी बोलू का?"

"नको," ती लगेच म्हणाली. "तू काहीच करू नको, मामा."

१० ऑक्टोबर, बुधवार

तोंडी परीक्षा झाली. मला थेट कळले नाही. बाईंनी सौ.ला फोन केला, सौ. स्वयंपाकघरात मोठ्याने "हो का, हो का" म्हणत होती आणि मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र उलटे धरून बसलो होतो.

प्रश्न नदीचाच आला. वर्ग हसला. ती थांबली, हसू संपू दिले आणि मग उगमापासून सांगायला लागली. मध्ये एकदा चुकली, "नाही, परत सांगते" म्हणाली आणि परत सांगितले. दहापैकी सात. बाईंनी त्यानंतर वर्गाला काहीतरी सुनावले म्हणे. उशिरा का होईना. बाई आणि मी, दोघेही उशिराचेच.

पोर घरी आली ती आधी काकूंकडे गेली. भिंतीतून दोघींचा आवाज येत होता, शब्द नाही. मी भिंतीला कान लावला नाही. लावावासा वाटला, हे लिहून ठेवतो.

मग आमच्याकडे आली. "काय, कशी झाली तोंडी?" मी जणू काही माहीत नसल्यासारखे विचारले.

"ठीक झाली, मामा," ती म्हणाली. "सात मिळाले."

१४ ऑक्टोबर, रविवार

बहीण येऊन गेली. सहामाहीचा निकाल कालच लागला, भूगोलात बावन्न टक्के. निवासी शाळेचा अर्ज तिच्या पिशवीत होता, भरलेला, फक्त तारीख घालायची राहिलेली. तिने सर्वांसमोर विचारले, "सांग बाई, इथं राहायचंय की तिथं?"

"इथं," पोर म्हणाली. "मामी आहे, काकू आहेत. शाळा पण बरी आहे आता."

सौ. उठून उगाचच चहा टाकायला गेली. बहीण मला म्हणाली, "दादा, जमवलंस हं तू." मी नाही म्हणालो. तिला तो विनय वाटला. माझे खरे बोलणे लोकांना असेच काहीतरी वाटते.

चहाच्या वेळी बहिणीने धरणावरच्या गमती सांगितल्या. पोर तिला काहीतरी सांगू लागली, शाळेतले, हातवारे करत, शब्द एकमेकांवर आदळत. मी बशी घेऊन आत आलो. ती थांबली नाही. एवढेच, की वाक्य हळू झाले, सरळ झाले, कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी बसले. गोष्ट पूर्ण केली. चूक एकही नव्हती. बहीण म्हणाली, "किती छान बोलायला शिकलीय ही तुझ्याकडे."

सर्व मनासारखे झाले आहे. मागच्या खोलीत दिवा राहणार, तीन ब्रश राहणार. ती माझ्याशी बोलते, अदबीने बोलते, रागही धरलेला दिसत नाही. पण माझ्यासमोर काही म्हणायच्या आधी ती ते मनात एकदा वाचून बघते, हे मला दिसते, आणि ती बारा वर्षांची आहे. मला भूगोलाची काळजी कधीच नव्हती. काळजी आहे ती ही, की हे तिने माझ्याकडून शिकले आहे, आणि ते तिच्यातून परत कसे काढायचे, मला ठाऊक नाही.